अड्रेनालराव धावून आले आणि एक शब्द राहिला, त्याची हकीकत

श्री. श्वासदेवता आत येवो, बाहेर जावो, पुन्हा आत येवो. तिचे कृपेने लिहितो. राज्यस्थापनेचे वर्ष सदतिसावे, माघ मास, भर दोन प्रहर. एक देहराज्य होते, बाईमाणसाचे; नाव लिहिण्याची आज्ञा नाही. हृदयी बाईसाहेब राज्य करीत, आणि मस्तकाचे बुरुजावर भयाजी नाईक पहारा देत, आणि दोन्ही मूत्रपिंडांचे माथ्यावर गढ्या होत्या, तेथे सरदार अड्रेनालराव सज्ज राहत. नाईकांचा शिरस्ता ऐसा, की आधी शिंग फुंकावे, चौकशी मागाहून. अकरा वर्षांमागे बाईसाहेबांचे घरधनी भांडोन परमुलखी गेले. ते दिवशी बहुत दुखले, सबब नाईकांनी तो चेहरा शत्रूंचे वहीत चढविला. इकडे बाईसाहेबांनी जिभेचे वकील रसनापंत यांजकडून एकच शब्द घोकून घेतला, "थांबा." कधी भेट जाहली तर बोलावयास. अकरा वर्षे रोज घोकला. काय तो जीव लावणे!

तो या माघात भर दुपारी राज्य एस.टी.चे फलाटावर उभे असता गाडी लागली, आणि पाणी प्यावयास तेच घरधनी उतरले, आणि बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, आले हो, बोला!" आणि तितक्यात नाईकांनी चेहरा ओळखिला आणि शिंग फुंकिले. मग अड्रेनालराव रक्ताचे वाटेने दौडत आले, आणि नाडीचे घोडे चौखूर सुटले, आणि यकृताचे कोठारातून साखर बाहेर पडली, आणि जठराचा मुदपाकखाना बंद जाहला, आणि सारी रसद पायांकडे चालली, आणि डोळ्यांचे दरवाजे सताड उघडले, ऐसे की धन्यांचे कानशिलावरील पांढरे केस लख्ख दिसले. आणि तोंडाचे पाणी तोडिले. पंत टाळूस चिकटोन बसले. धनी म्हणाले, "बरी आहेस ना?" पंत हलेनात. मग पायांनी हुकमाप्रमाणे राज्य उचलिले आणि पळविले, ते थेट रसवंतीचे मागे.

तेथे सरदारांनी मुजरा केला. "राज्य वाचले, बाईसाहेब. शत्रू कोण होता?" बाईसाहेब म्हणाल्या, "शत्रू कसला, रावसाहेब? आमचेच माणूस ते." राव खाली पाहू लागले. "आम्हास कोणी सांगत नाही. शिंग वाजले की धावणे." त्यांचे आयुष्य घटकेहून कमी, बोलता बोलताच विरोन गेले. मोठे इमानी. नाईकांस मात्र आम्ही लिहिणारांनी आजवर क्षमा केली नाही.

मग घोडे थंडावले, आणि तोंडी ओल आली, आणि पंत मोकळे जाहले आणि स्पष्ट बोलिले, "थांबा." फलाट रिकामा होता. गाडी घाट चढत होती.

एकंदर वर्तमान येणेप्रमाणे. वहीत तो चेहरा अद्याप तैसाच आहे. खोडावयाचा अधिकार बाईसाहेबांस नाही. राज्य सुखरूप आहे, अंगावर एक ओरखडा नाही. दर माघात भर दुपारी ते फलाटावर जाऊन उभे राहते, आणि आता हाती पाण्याची बाटली असते.