अप्पामामांचं पहिलं वाक्य

पेणला अप्पामामांकडे गेलं की दारात 'ये, बस, कधी निघालास' असलं काही ऐकायला मिळत नसे. एकदा मी रोह्याहून एसटीने दमूनभागून पोचलो. चपला काढतोय तोच मामा म्हणाले, "तुझी मामी घर सोडून गेली."

दुसरी चप्पल पायात तशीच ठेवून मी विचारलं, "कधी? कुठे?"

"आत्ताच. भाजी आणायला." आणि समाधानाने मान डोलावत म्हणाले, "बघ, दोनदा विचारलंस. वाक्य जिवंत हाय."

मामी भाजी घेऊन परतली होती आणि माझ्या मागेच उभी होती. "एक दिवस खरंच जाईन, मग बसा वाक्यं करत," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

या सगळ्याला कारण पुस्तकं. मामांचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराची पडवी, मागची पत्र्याची शेड आणि पाय ठेवाल तिथे मूर्ती. डोळ्यांची आखणी मामा स्वतः करत. पण रंगाच्या डब्यांवरच्या फळीवर जी पुस्तकं होती, ती सगळी एकाच विषयाची: लिहावं कसं. कथा कशी लिहावी, नाटक कसं लिहावं, संवाद कसे लिहावेत. प्रत्यक्ष कथा किंवा नाटक मात्र एकही नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जेवायला कोणपण बसतो. मला रांधायचं शिकायचंय."

मी रोह्याला कंपनीत होतो. कामानिमित्त मुंबईला गेलो की फुटपाथवरून असलं एखादं पुस्तक त्यांच्यासाठी उचलायचो. मामा आधी हात धुवायचे, पुसायचे आणि मगच ते घ्यायचे. येताना मी ते चाळलेलं असे आणि मला त्यात काडीचं काही सापडलेलं नसे. मामा मात्र त्यातलं एखादं वाक्य आठवडाभर चघळायचे आणि शेवटी त्याला कामाला लावायचे. मला त्यांचं अपार नवल वाटायचं. इतक्या विश्वासाने छापील शब्द वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचा मुख्य नियम एकच. "आपलं वाक्य संपलं की समोरचा 'मग?' म्हणाला पायजे. नाय म्हणाला, तर वाक्य मेलं." या नियमाने त्यांनी आळीतल्या सगळ्या लग्नपत्रिका नापास केल्या होत्या. मामी तेवढी त्यांच्या हाती लागत नसे. कितीही रंगवून सांगा, ती "हं" म्हणायची आणि तांदूळ निवडत राहायची. मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा जरा ऊन उतरल्यासारखं व्हायचं.

एका साली त्यांनी कुठेतरी वाचलं की पात्राला काहीतरी हवंसं वाटत असलं पाहिजे, तरच ते खरं वाटतं. झालं. त्या साली मामांनी काही मूर्तींची बुबुळं जराशी खाली वळवली. गणपती भक्ताकडे बघायचं सोडून हातातल्या मोदकाकडे बघू लागला. कोलाडचा एक हॉटेलवाला आपली मूर्ती न्यायला आला, तो बघतच राहिला.

"अप्पा, देव आमच्याकडे बघतच नाय!"

"पात्राला कायतरी हवं असतं," मामा म्हणाले.

"पात्र? अवो, देव हाय तो!"

"मोदक नको असता तर हातात कशाला धरला असता?"

दुसरी मूर्ती शिल्लक नव्हती, म्हणून हॉटेलवाला कुरकुरत तीच घेऊन गेला. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आधी हजर. "तसाच द्या, मोदकावर डोळा असलेला. पोरं आरतीला न बोलावता येऊन बसत होती." मामांनी साफ नकार दिला. एकदा जमलेलं पुन्हा करू नये, असं दरम्यान त्यांनी दुसऱ्या पुस्तकात वाचलं होतं.

"मामा, एवढं वाचता, लिहिणार काय आहात?" असं मी एकदा चेष्टेने विचारलं. ते ब्रश धूत होते. नेहमीसारखं चमकदार वाक्य आलं नाही.

"बाबांबद्दल," ते म्हणाले. बाबा म्हणजे माझे आजोबा. आजोबा आणि आजी, दोघंही मामांच्या लग्नाआधी आणि माझ्या जन्माआधीच गेलेले, त्यामुळे मी आणि मामीने त्यांना पाहिलेलंच नाही. "बाबांनी जन्मभर गणपतीचे डोळे काढले. सगळे पाण्यात गेले. जायलाच पायजेत, त्याचं वाईट नाय. पण त्यांच्या हातचा एक डोळा आज कुठं नाय रे. तुझी आईपण गेली. ते कसे काढायचे ते बघितलेला आता मी एकटाच. तेवढं लिहून ठेवायचंय."

"मग लिहा की."

"पयलं वाक्य येत नाय," मामा म्हणाले.

त्यानंतर मी पुस्तकं आणताना चेष्टा करणं बंद केलं. वर्षं गेली, फळी वाकली, वाक्य काही आलं नाही. मामांच्या हाताला कंप सुटू लागला. कारखान्यात आखणीला दुसरे कारागीर आले. मामा फक्त आमच्या रोह्याच्या घरची मूर्ती स्वतः करत.

त्या वर्षी मी मूर्ती न्यायला गेलो, तेव्हा डोळे व्हायचे होते. बाहेर टेम्पो उभा होता. मामी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मामांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, ब्रश उचलला आणि कंप थांबला. कसा थांबला, मला माहीत नाही. मी बघत होतो. एक रेघ, दुसरी रेघ, मग बुबुळ. आणि इतका वेळ नुसती माती असलेलं ते काहीतरी एकदम माझ्याकडे बघायला लागलं.

मामा मूर्तीकडेच बघत होते. ब्रश तसाच हातात. हळूच म्हणाले, "बाबा डोळे काढायचे तेव्हा आई चुलीवरचं दूध उतू जाऊ द्यायची, पण जागची हलायची नाय."

सुपातला आवाज थांबला.

"मग?" मामी म्हणाली.

मामा वळले. "काय म्हणालीस गो?"

"मग, म्हटलं. दूध उतू गेल्यावर सासूबाई काय म्हणाल्या?"

रंगाच्या फडक्यानेच मामांनी डोळे पुसले, गालाला निळा रंग लागला. मामीने सूप बाजूला ठेवलं आणि ती त्यांच्याजवळ सरकून बसली. मग मामा सांगू लागले.

बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. आम्हा तिघांपैकी कुणी जागचं हललं नाही.