नानांपासून सुरू होणारी रांग

दिनांक १२ फेब्रुवारी १९९४, शनिवार, दुपारी दोन वाजता औरंगाबादच्या विमानतळावर नाना रांगेत उभे राहिले. रांग तेव्हा नव्हती. ती नानांपासून सुरू झाली.

विमान अजून आलेले नव्हते. दार बंद होते आणि दाराशी कोणी माणूसही नव्हता. खांद्यावर टॉवेल, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात बोर्डिंग पास, अशा थाटात नाना बंद दाराकडे पाहत उभे होते. काही वेळाने एक व्यापारी गृहस्थ, यांना काहीतरी आतली बातमी असावी अशा समजुतीने, त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे एक नवविवाहित जोडपे आले. पाहता पाहता अर्धा हॉल उभा झाला. कशासाठी, हे एकालाही ठाऊक नव्हते.

नाना जळगावात माझे शेजारी. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांचे सारे तत्त्वज्ञान एका वाक्यात मावते : "पहिले उभं ऱ्हावानं, मंग इचारानं." या तत्त्वानुसार ते कंपाउंडरच्या आधी दवाखान्यात पोहोचत, आणि लग्नात पत्रावळी मांडण्यापूर्वीच पंगतीच्या जागेवर जाऊन बसत. एकदा ते रॉकेलच्या समजुतीने तासभर एका रांगेत उभे होते. ती शाळाप्रवेशाची निघाली. नाना पुढे सरकतच राहिले. नंबर आल्यावरच परत आले.

एस. टी. हा त्यांचा खास प्रांत होता. धुळ्याची गाडी फलाटावर लागण्याची वाट पाहणे त्यांना कमीपणाचे वाटे. ती स्टँडच्या फाटकातून वळत असतानाच ते तिच्यासोबत धावू लागत, खिडकीतून टॉवेल आत भिरकावत, आणि मग दाराशी जाऊन आपला हक्क सांगत. मी त्यांना अनेकदा समज दिली. वय झाले, हे शोभत नाही, असे सांगितले. ते ऐकून घेत आणि पुढच्या गाडीमागे धावत.

विमानप्रवासाचा योग जावयामुळे आला. मुंबईला नातवाचे बारसे होते. जावयाने नाना आणि अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, यांची तिकिटे पाठवली. इंग्रजी बोलण्याची वेळ आलीच तर कोणी असावे म्हणून नानांनी मला बरोबर घेतले. माझे तिकीट मी काढले.

काउंटरवर अक्कांना मधली जागा मिळाली. खिडक्या संपल्या होत्या. अक्का तिथेच थांबल्या.

"मधमा बठनू का माले मयमयस," त्या म्हणाल्या. "पोरना घर जावानं म्हनता म्हनता इतलं वरीस गयं. आते बी तसंच व्हयनं तं मी परत निघाव नही."

हे खरे होते. मुलीचे लग्न झाल्यापासून तिचे घर त्यांनी पाहिले नव्हते. गाडीत खिडकी मिळाली नाही की त्यांना मळमळे आणि ते आजारपण आठवडाभर टिके. नाना जाऊन बंद दारासमोर उभे राहिले.

मागचे व्यापारी हसून म्हणाले, "काका, नंबर छापलेला आहे. जागा कुठे पळून जात नाही."

"जागा नही पयत," नाना म्हणाले. "मानूस बठी जास."

मग त्यांनी मला खालच्या आवाजात खुलासा केला. बसलेल्या माणसाला उठवणे वाईट. परंतु अजून न बसलेल्याला विचारता येते. खिडकीचा धनी येण्याआधी आपण तिथे हजर पाहिजे. एस. टी.मागे त्यांनी केलेल्या धावपळीचा हिशेब मला त्या क्षणी लागला. धरलेली जागा अक्कांना देऊन ते स्वतः बहुधा उभेच प्रवास करीत, हेही मग आठवले.

दार उघडले. नाना सर्वांच्या आधी बाहेर पडले, सर्वांच्या आधी शिडी चढले. मी अक्कांना घेऊन सावकाश मागून गेलो. आत पाहतो तो नाना वाटेतच खिळून उभे. विमान उदयपूरहून आलेले होते. निम्म्या खुर्च्यांत माणसे आधीच बसलेली होती. अक्कांच्या शेजारच्या खिडकीत एक भरदार गृहस्थ पट्टा बांधून वर्तमानपत्र वाचत होते.

"हाई तं मांगूनच भरी येल शे," अक्का म्हणाल्या.

नानांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. टाकायला जागा नव्हती. मागे रांग खोळंबली. हवाई सुंदरी बसून घ्या म्हणाली. नानांनी एकदा अक्कांकडे पाहिले, टॉवेलची घडी केली आणि वाकून त्या गृहस्थांना म्हणाले, "साहेब, हमारे अक्का को खिडकी होना."

त्यांनी वर्तमानपत्र मिटले, पट्टा सोडला. "आइए, माताजी," म्हणत ते उठले.

अक्का खिडकीशी बसल्या. नाना मधे, आणि ते गृहस्थ नानांच्या कडेच्या जागेवर. वाटेपलीकडच्या खुर्चीवरून मी पाहत होतो. विमान उडेपर्यंत नानांचा चेहरा कोरा होता. मग ते माझ्याकडे वळले.

"भाऊ, नुसतं इचारं, तं उठना तो."

"हो."

"मंग इतला वरीस मी काबर पयनू?"

आजवर आपण का धावलो, हे ते मला विचारत होते. उत्तर अक्कांनी दिले. "तुमले कोनी सांगेल व्हतं?" असे म्हणून त्यांनी नानांचा हात जो धरला, तो मुंबई येईपर्यंत सोडला नाही. डोळे त्यांनी सारा वेळ गच्च मिटले होते. खिडकीतून नानाच पाहत होते.

मुलीच्या घरी पोहोचल्यावर अक्कांनी दुसऱ्या हाताची मूठ उघडली. आत एक लिंबू होते, मळमळले तर हुंगण्यासाठी घेतलेले. ते तसेच राहिले होते. लेकीने मलाही जेवायला थांबवले. वरणभात वाढल्यावर नाना उठले, त्यांनी ते लिंबू चिरले, पहिली फोड अक्कांच्या भातावर पिळली, आणि सुरी धुऊन, पुसून जागेवर ठेवली.