अननसाची जेली आणि प्रश्न चौथा

दुपारी बारा वाजता सरांनी फ्रिज उघडून भांडं जरासं हलवलं, तर आतली जेली थरथरण्याऐवजी डचमळली. खात्री करायला त्यांनी भांडं कलतं केलं, आणि कपभर जेली सरळ खालच्या कोथिंबिरीवर सांडली.

"लागेल अजून थोडा वेळ," सरांनी फ्रिजची समजूत घातली आणि दार लावलं.

सरांनी पस्तीस वर्षं कॉलेजात एकच विषय शिकवला. पेशी साखरेतून ऊर्जा कशी काढते, ती कुठे साठवते, आणि त्या कामाला जुंपलेली एन्झाइमं कोणती. मुलांनी त्यांचं नाव 'चयापचय सर' ठेवलं होतं. उत्तर एक तर बरोबर असतं नाही तर चूक, अर्धा गुण म्हणजे भीक, असा त्यांचा खाक्या होता. पस्तीस वर्षांत कुणालाही त्यांनी तो दिला नाही. घरी मात्र त्यांच्या ज्ञानाला फारसा भाव नव्हता. "अन्न गिळल्यावर त्याचं काय होतं ते यांना तोंडपाठ आहे," बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "पण ते ताटात कसं येतं ते विचारू नका." निवृत्त झाल्यावर सर दिवसभर आरामखुर्चीत बसू लागले. शरीर नुसतं बसलं तरी पेशींना ऊर्जा लागतेच, असं ते एकदा म्हणून बसले. "लागतेच आहे ना? मग पंखे पुसा," असं म्हणून बायकोने हातात फडकं दिलं.

तिचा आज साठावा वाढदिवस होता. सकाळीच ती बहिणीकडे गेली होती आणि सात वाजता बहिणीला नि साडूंना घेऊन परतणार होती. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा हॉटेलात गेली, तेव्हा तिने अननसाची जेली दोनदा मागवली होती, हे सरांना परवा आरामखुर्चीत एकाएकी आठवलं. इतक्या वर्षांत आपण हिच्यासाठी स्वतःच्या हाताने एक घासही केला नाही, हेही मग आठवलं आणि त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून. त्यांनी मेहुणीला गुपचूप फोन केला. "गोड मी करतोय. तिला बोलू नका." मागून साडूंचं हसू ऐकू आलं. आता माघार नव्हती.

बाजारात जाऊन सरांनी चांगला पिकलेला, ताजा अननस निवडून आणला. डबाबंद काही वापरायचं नाही, बायकोच्या साठीला सगळं कसं ताजं हवं! जेलीची पाकिटं आणली. पाकिटामागे बारीक अक्षरात काहीबाही छापलं होतं. पण ज्याने स्वतः जाडजूड क्रमिक पुस्तक लिहिलं, त्याने पाकीट कशाला वाचायचं?

एक वाजता जेली पाण्यासारखीच होती. फळ कमी पडलं असणार, असा निष्कर्ष काढून सरांनी उरलेला अननस बारीक चिरून तिच्यात ढकलला. चिरताना चार फोडी तोंडात टाकल्या. जीभ चांगलीच चुरचुरली. "वय झालं," ते स्वतःशी म्हणाले. दोन वाजता त्यांनी आणखी दोन पाकिटं विरघळवून ओतली. भांडं लहान पडलं म्हणून पातेलं घेतलं, पातेलं फ्रिजमध्ये मावेना म्हणून एक फळी काढली, आणि फ्रिजचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं.

चार वाजता दुधाचा दगड झाला होता. टोमॅटो टेबलावर आपटले तर खणखणत होते. पातेल्यावर बर्फाची पातळ साय आली होती, ती चमच्याने फोडली की खाली सरबत! आता कुणाचीही खात्री पटली असती, फ्रिज बिघडलाय. सरांनी फ्रिजवाल्याला फोन लावला.

फ्रिजवाला आला. त्याने आतलं सगळं सामान बाहेर काढून ओट्यावर मांडलं आणि पाठीमागे टॉर्च मारला. जेली फसलीच तर असावं म्हणून आणलेलं आइस्क्रीम ओट्यावर निवांत वितळू लागलं. सरांना कुणी ऐकणारं मिळालं की राहवत नसे.

"हे बघा, आपली पेशी साखर एकदम जाळत नाही. जाळली तर माणूस काडीसारखा पेटेल. ती एकेका पायरीने तोडते. प्रत्येक पायरीला वेगळं एन्झाइम. ते नुसतं काम सोपं करून देतं, स्वतः खर्ची पडत नाही."

"हं," फ्रिजवाला म्हणाला. "साहेब, फ्रिज ठणठणीत आहे. आत काय ठेवलं होतं?"

"अननसाची जेली. गोठतच नाहीये."

"अननस ताजा?"

"एकदम ताजा!" सर अभिमानाने म्हणाले.

फ्रिजवाल्याने टॉर्च बंद केला. "मग कशी होईल घट्ट? अननसातलं एन्झाइम जेलीतली प्रथिनं तोडून टाकतं ना."

सर खुर्चीत बसले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मुलगी बारावीला आहे. सकाळी मोठ्यांदा घोकते, माझा चहा होईपर्यंत. 'ताज्या अननसाने जेली का होत नाही, कारणे द्या.' दोन गुणांना आहे. अननस आधी उकळायचा, म्हणजे एन्झाइम निकामी होतं. नाही तर डब्यातला घ्यायचा."

"कुठलं पुस्तक?" सरांचा आवाज खोल गेला होता.

"जाड आहे, निळं. भाषा फार अवघड. पोरगी म्हणते, लिहिणाऱ्याला तरी कळलंय का कोण जाणे!"

सर उठले आणि कपाटातून निळं पुस्तक काढून आणलं. धडा सहावा, स्वाध्याय, प्रश्न चौथा. मुखपृष्ठावरचं नाव आणि दारावरची पाटी फ्रिजवाल्याने आळीपाळीने वाचली. मग त्याने फार गंभीरपणे पान्हे पिशवीत भरले.

"आता उकळलं तर?" सरांनी आशेने विचारलं.

"आता काय उपयोग, साहेब? ते जेवून मोकळं झालंय."

सात वाजता बेल वाजली. जेलीचं काहीच होण्यासारखं नव्हतं, म्हणून सरांनी ती ग्लासांत भरून ठेवली होती. बायकोने ओट्याकडे पाहिलं, टोमॅटोकडे पाहिलं, कोथिंबिरीकडे पाहिलं. साडूंनी तोंडावर रुमाल धरला.

"जेली आहे," सर म्हणाले. "म्हणजे होणार होती. तुझ्यासाठी. ताज्या अननसाची."

"धडा सहावा, प्रश्न चौथा," बायको म्हणाली.

"तुला पाठ आहे?"

"अख्खं पुस्तक मीच उतरवून दिलं होतं ना हाताने! आणि तो प्रश्न आला कुठून, आठवतं?"

सरांना आठवेना.

"लग्नानंतरचा तुमचा पहिला वाढदिवस. मी जेली केली होती, ताजा अननस घालून. झाली नाही म्हणून रडत तुमच्या टेबलापाशी आले. तुम्ही मानही वर केली नाहीत. म्हणालात, 'वा, छान उदाहरण आहे. घे लिहून, प्रश्न चौथा.' मी डोळे पुसले आणि घेतला लिहून."

साडूंनी रुमाल खिशात ठेवला.

"आणि ती जेली?" सरांनी हळूच विचारलं.

"बाटलीत भरून कॉलेजात नेलीत. मुलांना दाखवायला."

मान खाली घालून सर उभे राहिले. बायकोने एक ग्लास उचलला आणि एका दमात तळापर्यंत रिकामा केला. मग दुसरा घेतला.

"उत्तर साफ चुकलंय," ओठ पुसत ती म्हणाली. "पण मेहनत दिसतेय. अर्धा गुण."

सरांनी तो निमूटपणे घेतला आणि ते भांडी घासायला गेले.