एक ते चारचा बॅण्ड

आमच्या वरच्या मजल्यावरचा निनाद ड्रमला गोधडी पांघरवतो. थंडीत नव्हे, बारा महिने. आणि वाजवतोही त्या गोधडीवरूनच.

आता यात आमचाच हात आहे, ते आधीच सांगून टाकते. सात-आठ वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत निनाद आणि त्याच्या तीन मित्रमैत्रिणींनी बॅण्ड काढला, तेव्हा त्याचं नाव होतं 'ज्वालामुखी'. वाजायचाही तसाच. मंडळी नोकरीच्या पाळ्या सांभाळून जमायची ती दुपारी एकला, म्हणजे नेमकी आमची डोळे मिटायची वेळ. मी जिना चढून गेले. "निनाद, एक ते चार या इमारतीत पंखासुद्धा हळू फिरतो, ठाऊक आहे ना?"

बिचारा भांडला नाही. दुसऱ्या दिवशी ड्रमवर गोधडी आली. मग तळमजल्यावरचे पेंडसे वर जाऊन आले, तर गिटार अशी वाजायला लागली की तारा छेडतोय का नुसत्या पुसतोय कळेना. मग पुन्हा मी गेले, आणि गाणारी सई कुजबुजत गायला लागली. होता होता 'ज्वालामुखी'चं 'पेंग' झालं, आणि कुणा जाणत्यानं सांगितलं की हे प्रायोगिक ड्रीम पॉप आहे. म्हणजे झोपेत, स्वप्नात ऐकू यावं तसलं संगीत!

निनाद पेढे घेऊन आला. "काकू, तुम्ही आणि पेंडसेकाका आमचे गुरू."

पेंडसे म्हणाले, "आम्ही तक्रार केली होती. शिकवणी घेतली नव्हती."

तेव्हापासून त्याला सगळंच धूसर लागतं. "थोडं अजून धूसर" हे पालुपदच. चहा दिला तरी, "दूध वाढवा काकू, थोडा अजून धूसर." एका कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत बसवलंन् आणि मी तिसऱ्या गाण्याला चक्क घोरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा मात्र धावत आला, "काकू, घोरलात! म्हणजे जमलं!"

यंदा मंडळी पांगली. गिटारवाला बंगळूरला गेला, कीबोर्डवाला नोकरीत बुडाला, शेवटी सई जर्मनीला.

परवा दुपारी वर अगदीच सामसूम. इतकी, की मला झोपच येईना! वर गेले. चार खुर्च्या मांडलेल्या, चार कप पालथे, आणि हा गोधडीची घडी घालतोय.

"ड्रम देऊन टाकतोय, काकू. एकट्याला बॅण्ड म्हणत नाहीत."

मी एका खुर्चीत बसले. म्हटलं, "मी घोरते. चालेल?"

तो आधी हसला, मग त्यानं गोधडीची घडी पुन्हा उलगडली.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला गोधडीसकट ड्रम खाली आला. माझ्या उशाशी माइक ठेवून तो हलक्या बोटांनी वाजवायला लागला. "थोडं अजून धूसर, काकू."

त्या दुपारी माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तरी चार वाजेपर्यंत मी घोरत राहिले.