हात मागं!

भारताची बास्केटबॉल टीम हरली की आमचे पाईकराव सर जेवत नसत. टीम परदेशात हरायची आणि उपवास हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात घडायचा. त्यातही गंमत अशी की पेपर आमच्या गावात दोन दिवसांनी येई. टीम मंगळवारी हरली, तर सर गुरुवारी उपाशी.

"मंगळवारी हरली नं ती? मंगळवारी तं तुमी तीन भाकरी खाल्ल्या," वहिनी म्हणायच्या.

"मला मालूम नव्हतं तवा," सर म्हणायचे आणि ताट सरकवायचे.

यावरून आमच्या वस्तीत एकदा बैठकच बसली. जयंती मंडळाचे म्हातारे सोनबा काका सरांना म्हणाले, "गुरुजी, बाबासाहेबांनी आपल्याला उपासतापासातून बाहेर काढलं. तुमी शिकलेले. आन् तुमीच गुरुवार धरून राहिले?"

"काका, ह्यो देवाचा न्हाई. डिफेन्सचा हाय," सर म्हणाले. सोनबा काकांना हा कुठला नवा देव ते कळेना. शेवटी 'चालू द्या' असं ठरून बैठक उठली.

सर गोरेगावच्या शाळेत ड्रिल शिकवत. अंगानं बारके, बुटके, गळ्यात शिट्टी. ती अंघोळीच्या वेळी तरी काढत की नाही, याबद्दल गावात दोन मतं होती. औरंगाबादला शिकताना त्यांना बास्केटबॉल चावला, तो उतरलाच नाही. देशाच्या टीमचा सामना त्यांनी जन्मात डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण खेळाडूंबद्दल बोलताना वाटे, सगळे यांचे भाचे आहेत. "आपला पाच नंबर काल थकला व्हता." काल म्हणजे पेपरातला काल.

टीम का हरते याचं उत्तर त्यांच्यापाशी तयार असे. "हाईट मारून राहिली आपल्याला, देवराव. हाईट." देवराव म्हणजे मी. रस्त्यात उंच पोरगं दिसलं की सर आधी त्याला भिंतीला उभं करून मापत, मग कोणाचं ते विचारत. एकदा पुसेगावच्या सोयरिकीत पोरीकडचे नाराज होऊन उठायला लागले, तर सरांनी त्यांना धरून खाली बसवलं. "मुलगी उंच, मुलगा उंच. मोडू नका. देशाला सेंटर मिळंल, कड्याखाली उभा राहनारा." सोयरीक जुळली. पुढं झालेली पोरं बापाच्या नव्हे, मामाच्या उंचीची निघाली. सरांनी त्या घरी जाणं सोडलं.

आता माझं सांगतो. मी गावातला सगळ्यात उंच माणूस. सरांनी मला पाहिलं त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. शाळेच्या मैदानावर सागवानी खांब रोवून त्यावर लोखंडी कडं आम्ही दोघांनीच ठोकलं. गावातले लोक विचारत, "टोपल्याचं बूड काहून काढलं?" रोज संध्याकाळी मी हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगमधून कामावरून आलो की अंधार पडेपर्यंत आमचा खेळ चाले. एकास एक. सर खालून सुळकन निसटत, मी वरून टाके. त्या काळात मी खूश होतो, हे मला पुढं कळलं.

मग जिनिंगच्या मशीनमध्ये माझा उजवा हात गेला. कोपराच्या खालून. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. नोकरी सुटली, मैदानासमोर किराणा दुकान टाकलं. वजन मी करी, पुडी बायको बांधी. एका हातानंही बास्केटबॉल खेळता येतो, असं सांगणारे पुष्कळ भेटले. मी त्यांना म्हणे, मग खेळा की. तोडून या आधी.

लोक बिचारे चांगले होते. चांगले लोक फार त्रास देतात. माझ्यासमोर कोणी 'हात' हा शब्दच काढीना. वर्गणी मागायला आलेले "जरा हातभार..." इथवर येत आणि एकदम खोकायला लागत. मी खेळणं सोडलं, मैदानावर जाणंही सोडलं. मैदान समोरच होतं, म्हणून दुकानात पाठ करून बसायला लागलो.

सरांनी मला कधी 'चला' म्हटलं नाही. ते फक्त संध्याकाळी पेपर घेऊन दुकानात येत, पोत्यावर बसत आणि टीमची बातमी वाचत. बातमी दीड ओळीची, सरांचं भाष्य दिवा लागेपर्यंत. मी गिऱ्हाईक करत हूं हूं करे. मला वाटे, गावात यांचं ऐकणारं दुसरं कोणी नाही, म्हणून आपल्या गळ्यात पडलेत. वैतागही येई. पण ज्या दिवशी ते येत नसत, त्या दिवशी दुकान लवकर बंद करावंसं वाटे.

अशात हिंगोलीच्या विहारात थायलंडहून बुद्धमूर्ती आली. मूर्तीबरोबर एक वयस्क भन्ते आणि त्यांच्या सोबतीला एक तरुण उपासक. भन्ते बँकॉकचे आहेत एवढं कळलं मात्र, सर मला ओढतच जीपमध्ये घेऊन गेले. आदल्याच साली आपली टीम बँकॉकला खेळून आली होती.

वंदना झाली, प्रवचन झालं, शंकासमाधान सुरू झालं. खंदारे वकील इंग्रजीतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी करत होते. कोणी दुःखाचं मूळ विचारलं, कोणी निर्वाण विचारलं. मग आमचे सर हात जोडून उभे राहिले.

"भन्तेजी, मागल्या साली आमची बास्केटबॉलची टीम तुमच्या गावाला खेळून गेली. तिथल्या लोकायचं काय मत पडलं?"

वकिलांनी हा प्रश्न इंग्रजीत न्यायला साफ नकार दिला. पण सभेत हशा झाला, तसं भन्तेंनी काय ते सांगाच म्हणून खूण केली. ऐकून ते हसले. म्हणाले, मी तो खेळ पाहिलेला नाही. जिंकलं काय, हरलं काय, मन शांत असावं.

सर खाली बसले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "डिफेन्स कच्चा असंल तं मन शांत कसं राहीन?"

जेवणाच्या वेळी तो तरुण उपासक स्वतःच सरांकडे आला. वकिलांमार्फत म्हणाला, उंच टांगलेल्या कड्यात चेंडू टाकायचा खेळ आमच्याकडेही आहे. जुना आहे, बापजाद्यांपासूनचा. त्यानं पिशवीतून वेताचा विणलेला चेंडू काढला. आत पोकळ, बाहेर भोकंभोकं. चपला काढल्या आणि विहाराच्या अंगणात चेंडू उडवायला लागला. पावलावर, गुडघ्यावर, खांद्यावर, टाचेवर, डोक्यावर. हात नाहीच. सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, चेंडू खाली पडू द्यायचा नाही आणि संधी मिळेल त्यानं तो वरच्या कड्यात घालायचा. समोर दुसरी टीम नाही, सगळे एकाच बाजूचे.

सर ताट घेऊन उभे होते. वरणात कुस्करलेली पोळी तशीच राहिली. "म्हंजे हरत न्हाई कोणी?" एवढंच त्यांनी विचारलेलं मी ऐकलं. नंतर ते वकिलाला मधे धरून त्या पोराला बरंच काही विचारत बसले. मी जीप बघायला गेलो.

पुढचे काही दिवस गावातल्या बुरडाला सरांनी जगू दिलं नाही. पहिला चेंडू कोंबड्या झाकायच्या डालग्याएवढा झाला. दुसऱ्याच्या बांबूच्या काड्या पायात घुसल्या. शेवटी वेत मिळवून, भिजवून, एक बरा गोळा तयार झाला. सरांनी खांबावरचं आमचं कडं काढलं आणि मैदानातल्या लिंबाच्या फांदीला दोरानं टांगलं. ड्रॉइंग सर, पोस्टमन, तांड्यावरचा देविदास राठोड आणि अजून दोघंतिघं गोळा केले. शिट्टी वाजली.

"हात मागं!"

हा पहिला नियम. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरायचे. सुटला हात की शिट्टी. 'हात' हा शब्द कितीतरी दिवसांनी माझ्या कानांवर एवढ्या मोठ्यानं पडला, म्हणून मी दुकानात वळून बसलो. बघतो तर माणसं पोत्यासारखी पडत होती. पाय वर न्यायचा आणि हात मागे बांधलेले, तोल राहणार कसा? ड्रॉइंग सर तोंडावर आपटले.

"सर, हात मोकळे सोडले तं तोल राहीन नं," देविदास कळवळून म्हणाला. तांड्यावर होळीला नाचणारा गडी, पण त्याचीही तीच गत झाली होती.

"नियम हाय. थायलंडचा," सर म्हणाले.

असं आठवडाभर चाललं. मग एके संध्याकाळी सर दुकानात आले. पेपर नव्हता.

"देवराव, गोल पुरा होईना. एक माणूस कमी पडून राहिला."

"गावात माणसं मेली का?"

"माणसं हायत. हाईट न्हाई."

मी तोडून बोललो. मला कोणाची कीव नको, असंही म्हणालो. सर मिठाच्या पोत्यावर बसून राहिले. शेवटी बायको म्हणाली, "जा की. दुकान मी पाहते. नुसतं गुरगुरायला काय लागतं?"

गेलो. शिट्टी झाली, सगळ्यांचे हात मागे गेले. चेंडू आला तो माझ्या कपाळावर बसला आणि उडून थेट कड्याला लागला. "हाईट!" सर ओरडले. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाकीचे पडत होते, मी फारसा पडत नव्हतो. तोल सांभाळायची सवय मला आधीच लागलेली होती. त्या संध्याकाळी मला माझ्या हाताची आठवण झाली नाही, असं मी म्हणणार नाही. झाली. पण गोलात कोणालाच हात नव्हते.

मग रोजच जायला लागलो. उजेडात, सगळ्या गावासमोर. अंगणात पोरं हात मागे बांधून फाटक्या चेंडूला लाथा घालू लागली. भारत हरतच होता, सर उपाशी राहतच होते, पण उपाशीपोटीही शिट्टी जोरात वाजे.

पुढच्या साली भन्ते पुन्हा हिंगोलीला आले. खंदारे वकील त्या उपासकाला आमचा खेळ दाखवायला मुद्दाम गोरेगावला घेऊन आले. पोरगं आनंदानं गोलात शिरलं. चेंडू आला तसा त्यानं दोन्ही हात पंखासारखे पसरले आणि उलटं फिरून टाचेनं तो कड्यात घातला.

"सर, ह्याचे हात तं मोकळे हायत!" देविदास ओरडला.

सरांनी पाहुण्यावर शिट्टी फुंकली. "हात मागं!"

वकील हसायला लागले. "अहो पाईकराव, मागल्या साली यानं सांगितलं नव्हतं का तुम्हाला? हात फक्त चेंडूला लावायचा नाही, बाकी मोकळे. तुम्हीच तर पुन्हा पुन्हा विचारत होता, एक हात नसलेला माणूस खेळंल का म्हणून. हा म्हणाला, खेळेल, फक्त तोल जरा..."

इथं वकिलांना मी दिसलो. ते खोकायला लागले.

सर चेंडूतून निघालेली वेताची काडी आत खोचत बसले. पाहुण्याला आमची भाषा येत नव्हती. त्यानं सरांच्या शिट्टीकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं आणि हळूच आपले दोन्ही हात मागे नेले. पुढच्याच चेंडूला तो धाडकन पडला. देविदासला एवढा आनंद कधी झाला नसेल.

पाहुणे गेल्यावर मी सरांच्या घरी गेलो. वहिनी चहा टाकत होत्या. कोनाड्यात आमचा जुना बास्केटबॉल होता, हवा जाऊन चपटा झालेला, धूळ बसलेला.

"तुमी येईना झाले तवापसून हात लावला न्हाई त्याला," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनलं, येकटे टाका की टोपल्यात. तं म्हनतात, येकट्यानं काय मजा."

"सर, नियम खोटा होता तर," मी म्हणालो.

सर बशीत चहा ओतत राहिले. "थायलंडचा नसंल. गोरेगावचा हाय." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "कोणासंग खेळू, देवराव? एवढा पेपर वाचून राहिलो तुमच्यापुढं. वाटायचं, आज म्हणसान, उद्या म्हणसान, चला सर."

इतकी वर्षं मी या माणसाला माझ्या गळ्यात पडलेला समजत होतो, आणि तो माझी वाट बघत पोत्यावर बसत होता. हे त्यांना सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "उद्या जरा लवकर सुरू करू. उजेड कमी पडतो."

"बराबर हाय," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे गोलात उभे राहिले. खरा नियम काय ते आता सगळ्यांना माहीत होतं. शिट्टी वाजली. ड्रॉइंग सरांनी हात मागे नेले, पोस्टमननं नेले, देविदासनं कुरकुरत नेले. मीही नेला. एकच होता, पण नियम म्हणजे नियम.