के-मालिकेतील डाव्या पायाचा प्रश्न

आमच्या कारखान्याने के-४० या अवजड लॉरीची केबिन तयार केली, तेव्हा डाव्या पायाचा विचार झाला नव्हता. यात कुणाचाच दोष नव्हता. नकाशात ड्रायव्हर कमरेपर्यंतच काढलेला होता.

ही उणीव प्रथम आर्तुरी मुस्तोनेनने निदर्शनास आणली. तो आमच्या उत्तरेकडच्या जंगलातून ओंडके वाहून आणत असे, उणे पस्तीस अंशांतसुद्धा. मी विकास समितीचा टिपणलेखक असल्याने तक्रारी आधी माझ्या टेबलावर येत.

"लेखी द्या," मी म्हणालो.

त्याने लिहिले: "पाय गार."

"जरा सविस्तर?"

त्याने बराच विचार करून सुरुवातीला "डावा" हा शब्द जोडला. मग बहुधा माझी कीव येऊन तोंडी म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, बोटं काळी पडायला लागलीत. असेच हिवाळे गेले तर कापावी लागतील. गरम हवेची एक नळी खाली सोडा, बास. हातभर रबर लागेल."

विकास समितीची बैठक दर गुरुवारी कारखान्याच्या सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफस्नानाच्या खोलीत, भरे. वाफेने कागद भिजत असल्यामुळे मी तक्रारी पाठ करून जात असे आणि निर्णय बाहेर आल्यावर आठवून लिहीत असे. नव्वद अंश तापमानात मी आर्तुरीचे म्हणणे मांडले.

"गार?" मुख्य अभियंता ब्रूमेर घाम निपटत म्हणाले. "कुणाला गार लागतंय का इथे?"

कुणी बोलले नाही. आमच्याकडे मौन ही संमती धरतात आणि तशी नोंदही करतात.

"मला तर कोंदट वाटतंय," विक्रीप्रमुख पुल्किनेन तापल्या दगडांवर पाणी ओतत म्हणाले. "हवा खेळती पाहिजे."

त्यानुसार के-४१ मध्ये बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप बसवण्यात आली. डावीकडे, पायाच्या उंचीवर.

पुढच्या मार्चमध्ये आर्तुरी लंगडत आला.

"एक गेलं."

"काय?"

"बोट. करंगळी."

एव्हाना तक्रारीचा छापील नमुना तयार झाला होता. त्यात 'बाधित बोटांची संख्या' असा रकाना होता. गेल्या वर्षी पाच, यंदा चार. बाधित क्षेत्रात वीस टक्के घट झाल्याचे मी समितीला कळवले. "दिशा योग्य आहे," ब्रूमेर म्हणाले, आणि के-४२ ची झडप मोठी झाली.

तिसऱ्या वर्षी दोन बोटे उरली होती.

"नळी मी घरून आणतो," आर्तुरी म्हणाला. "तुम्ही भोक तेवढं पाडून द्या."

"भोक पाडलं की ते वेगळं मॉडेल होतं."

"मग होऊ दे की!"

"त्याला समितीची मंजुरी लागते."

"समिती बसते कुठे?"

"सौनात."

त्याने माझ्याकडे नुसते पाहिले आणि आपली टोपी डोक्यावर चढवली. आमच्या भागात ही शिवी समजतात.

बोटे कमी झाल्याने क्लचवरून पाय घसरतो, ही तक्रार मात्र समितीला लगेच पटली. के-४३ मध्ये बोटांशिवायही दाबता येईल असे रुंद पेडल बसवले. "असं पेडल जगात कुणाकडे नाही!" असे म्हणत पुल्किनेन यांनी आनंदाने आणखी दोन तांबे पाणी ओतले.

पाचव्या हिवाळ्यानंतर आर्तुरीच्या नमुन्यात शून्य आले. के-४४ च्या माहितीपत्रकात मी लिहिले: 'डाव्या पायाच्या बोटांना थंडी वाजल्याची एकही तक्रार नाही.' यात एक अक्षरही खोटे नव्हते. मी दोनदा तपासले होते.

सर्वांत जुना ग्राहक म्हणून आर्तुरीला सौनात बोलावण्यात आले. आत ड्रायव्हर येण्याची ती पहिलीच वेळ. त्याचा पाय दिसला तसे सगळे दगडांकडे बघू लागले. ब्रूमेर यांनी वरच्या फळीवर जागा केली, पण तो खाली, दाराजवळ माझ्या शेजारी बसला.

"इथे खाली पाय गारठतात की रे," तो म्हणाला.

"हो."

"पहिल्यापासून?"

"पाचही वर्षं."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"बाकी सगळ्यांना उकडत होतं."

वरून ब्रूमेर यांचा आवाज आला. "तक्रारच उरलेली नाही, तर के-४५ मधून हीटर काढून टाकू. वजन वाचेल. कुणाची हरकत?"

आर्तुरीने मला कोपराने ढोसले. "अरे, उजवा अजून शाबूत आहे."

मी तोंड उघडले. आत वाफ गेली. मी ते मिटले.

ठराव एकमताने मंजूर झाला, असे मी बाहेर येऊन लिहिले. इतका वेळ तुम्हीही गप्पच होतात, वाचकहो; म्हणून उपस्थितांच्या यादीत तुमचेही नाव घातले आहे.