दिंद्रुडच्या गच्चीवरील पुदिन्याची मोहीम

अल्लामियाँचे कृपेने, आणि वीज असेल तेव्हा विजेचे कृपेने, मौजे दिंद्रुड, प्रांत बीड, येथील एके गच्चीवर जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे घातलेच तर मीठ घातले, तेही चटणीपुरते.

पाण्याच्या मोटारींचे हकीम, उस्ताद मैनुद्दीन मिस्त्री, यांचे मनी आले की मातीवाचून नुसत्या पाण्यावर पुदिना उगवावा. मग त्यांनी प्लास्टिकचे नळ आणविले, आणि नळांस भोके पाडोन त्यांत रोपे बसविली, आणि टाकीत खताचे पाणी कालवून वर छोटी मोटार जोडिली, जेणेकरून पाणी मुळे भिजवीत फिरावे व परत टाकीत यावे. इतके करून गप्प बसावे, तर तेही नाही! लेक अदिबा हिचे मंगनीचे दावतीस चटणी आपले गच्चीवरचीच असेल, ऐसा शब्द व्याह्यांस देऊन मोकळे झाले. हे ऐकोन मिस्त्रींचे कुटुंब जुलेखाबेगम यांचे मस्तक तापले, कारण गच्ची ही त्यांची शेवया वाळविण्याची जहागीर. फर्मान सुटले की, दावतीस पुदिना दिसला तर नळ राहतील, न्हाई तर भंगारात जातील.

प्रथम पुदिन्याने लई जोर धरिला, आणि मिस्त्रीही फुगले. मग दावत आठवड्यावर आली आणि एके सकाळी पाहतात तो पाने काळवंडोन माना टाकून पडलेली. मिस्त्रींनी उन्हास दोष दिला, खतास दिला, शेजारच्या कबुतरांसही सोडिले नाही. इतक्यात मेहुणे रईसमियाँ, तलवाड्याचे फळवाले, जिना चढोन आले आणि मसलत दिली, "दुल्हेभाई, बाजारातून जुड्या आणून खोवू का भोकात? कोण बघतंय?"

"मी बघतोय की, बे!" मिस्त्री कडाडले.

मग खुद्द बेगम नळ उखडण्यास्तव चाल करून आल्या, आणि टाकीत बोट बुडवोन हुंगतात तो काय!

"अदिबाचे अब्बा, पाण्याला तेलाचा वास कावून येतोय? मोटारीला तेल पाजलं का तुमी?"

मिस्त्रींनी खिशातून तेलाची कुपी काढोन पुढे धरिली. उभा जन्म मोटारींत गेलेला. मोटार जरा कुरकुरली की हात आपसूक कुपीकडे जायचा. रोज सकाळी मायेने थेंब घातले, आणि ते सारे टाकीत झिरपोन मुळांशी गेले.

बेगम हसत सुटल्या, इतक्या की कठड्यास टेकल्या. मग ओढणी खोचोन म्हणाल्या, "उठा. लेकीच्या सासरी तुमचा शब्द पडला, तर माझाबी पडला." मग रोपे काढोन मुळे धुतली, आणि टाकी उपसली, आणि नळ घासले, आणि ताजे पाणी भरोन नळांवर ओली पोती घातली. निम्मी रोपे धारातीर्थी पडली. उरलेल्यांस हिरवी पाने फुटली.

दावतीचे दिवशी व्याह्यांनी चटणी दोनदा मागितली. रईसमियाँनी तर वाटीच पुसोन काढिली. अदिबा बापाकडे पाहोन हसली, आणि मिस्त्रींचे डोळे मिरचीवाचून झोंबले.

सबब फत्ते जाहली. तह ऐसा ठरला की, उगवतीची गच्ची पुदिन्याची, मावळतीची शेवयांची, आणि तेलाची कुपी बेगमेचे कपाटात नजरकैदेत. मिस्त्री आजही रोज सकाळी मोटारीची कुरकुर ऐकतात, खिसा चाचपतात, आणि मुकाट्याने खाली येतात.